परतीच्या तारेची कैफियत

वरणगावच्या माणसाला विजेचे परतणे समजावून सांगण्याची वास्तविक गरज पडू नये. गावाजवळून जाणाऱ्या लोहमार्गावर 25,000 व्होल्टांची तार ताणलेली आहे. तिच्यातून इंजिन जो प्रवाह ओढून घेते तो आपले काम उरकून चाकांवाटे रुळांत उतरतो आणि रुळांच्या वाटेने उपकेंद्राकडे परततो, आणि या वाटेत कोठे खंड पडू नये म्हणून रुळांच्या सांध्यांवर धातूचे बंध घालून ठेवण्याची तजवीज रेल्वे खात्याने केलेली असते. 1964 पासून येथे असलेल्या आयुध निर्माणीने तर हा धडा घराघरांत पोहोचविला असेल, कारण जेथे स्फोटक द्रव्यांशी गाठ असते तेथे माणसाच्या अंगावरची स्थिर वीजदेखील जमिनीत उतरवून मगच आत पाऊल टाकण्याची शिस्त पाळावी लागते. असे असताना याच परिसरातला गृहस्थ आपल्या मोटारीत गाणे ऐकण्याची सोय करावयास निघाला, म्हणजे स्पीकरचा घेर, वूफरचा धडाका आणि डेकवरची रंगीत रोषणाई यांची मनसोक्त चिकित्सा करतो, आणि तार कोणत्या जाडीची, ती कोठून नेली, तिचे दुसरे टोक कशाला आवळले, याबद्दल चकार शब्द काढीत नाही, याचे मला नवल वाटते.

दोष केवळ ग्राहकाचा नाही. मोटारीत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते; दिवा, भोंगा, वायपर यांना धन टोकाकडून एकच तार येते आणि परतीचे काम लोखंडी अंगच करते. (जुन्या कित्येक इंग्रजी मोटारींत ही व्यवस्था उलट, म्हणजे धन टोक सांगाड्याला, अशी असे.) या काटकसरीची सवय हाताला इतकी जडते की स्पीकरची मायनस दिसताच तीही जवळच्या बोल्टाखाली दाबून टाकावी असे कारागिराला वाटते, आणि जुन्या रेडिओंच्या काळी असे करणे चुकीचेही नव्हते, कारण त्यांतल्या बहुतेकांत स्पीकरचे एक टोक बिनदिक्कत सांगाड्याला लावलेले असे. परंतु हल्लीच्या डेकमध्ये एका स्पीकरच्या दोन टोकांना दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर परस्परविरुद्ध दिशांनी ढकलीत असतात. हिशेब सोपा आहे: गाडी चालू असता 14.4 व्होल्ट मिळाले तर 4 ओहमच्या स्पीकरला एका बाजूने ढकलून जेमतेम साडेसहा वॅट देता येतात, तर दोन्ही बाजूंनी ढकलल्यास सुमारे 26, म्हणजे चौपट. आणि या चौपटीचे मोल असे की दोन्हीही तारांवर, गाणे थांबलेले असतानासुद्धा, बॅटरीच्या निम्म्याइतका दाब उभा असतो. त्यांपैकी कोणतीही सांगाड्याला टेकली की डेक स्वसंरक्षणार्थ मूक होतो, किंवा त्यातली चिप जळते. स्पीकरवरचे वजाचे चिन्ह म्हणजे पडद्याच्या हालचालीची दिशा. त्याचा बॅटरीच्या वजाशी काडीचाही संबंध नाही.

हे ज्ञान मला पुस्तकातून झाले असते तर बरे झाले असते. माझ्या जुन्या जीपमधला बंद पडलेला रेडिओ काढून मी नवा डेक बसवून घेतला, आणि बसविणाऱ्याने मागची वायरिंग जशीच्या तशी ठेवली. डेकने पहिल्याच दिवशी प्राण सोडला. दुकान कोणते ते सांगण्यात हशील नाही. दुसऱ्या डेकसोबत ॲम्प्लिफायर घेतला, तेव्हा निराळीच व्याधी जडली: ॲक्सिलरेटर दाबावा तसतशी गाण्याच्या पाठीमागे एक बारीक शीळ चढत जाई. भुसावळच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका वयस्क वायरमनने स्पीकरकडे ढुंकूनही न पाहता मागची सीट उचलली आणि म्हटले, “बापू, तुमची अर्थ रंगावर बसली आहे.”

अर्थ, म्हणजे ॲम्प्लिफायरची परतीची तार, सांगाड्याला जोडणारा बोल्ट आवळलेला होता, पण त्याच्याखाली रंगाचा थर होता, आणि रंग हा वीज अडविणारा. परतीला धड वाट नसल्यामुळे ॲम्प्लिफायरचा सांगाडा आणि डेकचा सांगाडा यांच्यात थोडासा दाबाचा फरक राही. अल्टरनेटरची लहर त्या फरकावर स्वार होऊन गाण्याच्या तारेत शिरे, आणि इंजिनाचा वेग वाढला की तिचा स्वरही चढे. त्याने रंग खरवडून लोखंड उघडे केले, तार हातभराहून आखूड केली, टोकाला रिंगचा टर्मिनल चेपला, बोल्ट दातेरी वायसरसह आवळला आणि वरून ग्रीस फासले. मग 1.5 व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावून प्रत्येक पडदा बाहेरच उसळतो ना हे पाहिले. एक आत ओढला गेला, त्याच्या तारा उलट होत्या. दोन स्पीकरांतला एक पुढे ढकलीत असता दुसरा मागे खेचू लागला तर खर्जाचा स्वर दोघांत मिळून नाहीसा होतो, आणि त्या खर्जाच्या शोधात लोक मोठा वूफर घेतात.

आवाजाची गोष्ट एक वेळ आवडीनिवडीची म्हणून सोडून देता येईल (वरातीच्या गाड्यांवर जे चालते त्यास आवड म्हणावे की जुलूम, हा प्रश्न निराळा), पण फ्यूजची गोष्ट तशी नाही. 200 वॅटचा ॲम्प्लिफायर बॅटरीतून 20 अँपिअरच्या आसपास ओढू शकतो. त्याची तार इंजिनाच्या खोलीतून पत्र्याच्या भोकातून आत येते, आणि त्या भोकाला रबरी कडी नसली तर खान्देशी उन्हाळ्यात मऊ झालेले तारेचे प्लास्टिक पत्र्याच्या धारेवर घासून फाटण्यास वेळ लागत नाही. ती तार सांगाड्याला टेकल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतदीड वीत अंतरावर हवा. तो ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी आहे, आणि ॲम्प्लिफायरजवळ बसविलेला फ्यूज मधल्या साऱ्या तारेला वाऱ्यावर सोडतो.

घराच्या वायरिंगला आपण परवानाधारक माणूस शोधतो, आणि मोटारीत, जेथे पेट्रोलची टाकी आणि मुलेबाळे एकाच पत्र्याच्या पेटीत असतात, तेथे हे काम सीटकव्हरच्या जोडीने, शोभेचे म्हणून उरकून घेतो. माझी मागणी मोठी नाही. दुकानदाराने पावतीवर डेकची किंमत लिहिताना तारेची जाडी, फ्यूजचे अँपिअर आणि अर्थची जागा या तीन बाबी नमूद कराव्यात, आणि ग्राहकाने त्या वाचल्याखेरीज पैसे चुकते करू नयेत. शेडमधल्या त्या वायरमनपाशी छापील पावती नव्हती. मी आग्रह धरला तेव्हा त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून दिले: मागची सीट, डावा बोल्ट, रंग काढून.