नादारी म्हणजे नालायकी नव्हे

मराठीत ‘नादारी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. फी भरण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला शाळेत मिळणारी माफी ही एक नादारी. कर्ज फेडण्यास असमर्थ ठरलेल्या माणसाची न्यायालयाने जाहीर केलेली अवस्था ही दुसरी. पहिलीत समाज गरिबाला हात देतो. दुसरीत नोकरीचे दार बंद होते. आणि खेदाची गोष्ट अशी की, कायद्याने उघडलेले दारही भरतीच्या अटी पुन्हा लावून घेतात.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम 140 दिवाळखोर व्यक्तीला लोकसेवक होण्यास अपात्र ठरवते. परंतु कलम 138 खाली मुक्तता मिळाली की ती अपात्रता संपते. एकदा पडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. मात्र डिसेंबर 2019 मध्ये हा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. सामान्य कर्जदार ब्रिटिश अमदानीतील 1909 व 1920 च्या कायद्यांच्याच हवाली राहिला.

आता भरतीचा व्यवहार पाहा. कर्जफेडीतील कसुरीची वा ‘सिबिल’च्या प्रतिकूल अहवालाची नोंद असलेला उमेदवार नेमणुकीस अपात्र, अशी अट सरकारी मालकीच्या स्टेट बँकेने घातली. निवड होऊन नेमणूकपत्र मिळालेल्या एका तरुणाची नेमणूक याच अटीखाली रद्द झाली. आपण सर्व कर्जे फेडली आहेत, हे त्याचे म्हणणे उपयोगी पडले नाही. 2025 साली मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय उचलून धरला. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याच्या अंगी आर्थिक शिस्त हवी, हा त्यामागील युक्तिवाद.

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण अफरातफर आणि असमर्थता यांत भेद नाही काय? आजारपण, बुडालेला धंदा, शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि त्यानंतरची बेकारी, यांतून आलेली थकबाकी हा चारित्र्याचा दोष कसा? केंद्र शासनाच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतील नियम 17 हा भेद जाणतो. कर्जबाजारीपणा आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीतून आला, उधळपट्टीतून नव्हे, हे सिद्ध करण्याची संधी तो सेवेतील कर्मचाऱ्याला देतो. दाराबाहेर उभ्या असलेल्या बेकाराला मात्र तेवढीही संधी नाही! ज्या पगारातून कर्ज फिटायचे, तोच पगार कर्जापायी नाकारायचा, हा कोठला न्याय? बड्या कंपनीच्या कर्जाच्या मोठ्या हिश्शावर धनको पाणी सोडतात, तेव्हा त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. गरिबाच्या थकलेल्या हप्त्याला बेशिस्त म्हणतात.

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेनेही 1978 च्या दिवाळखोरी कायद्यात, केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून शासनाने कोणालाही नोकरी नाकारू नये, असा स्पष्ट निर्बंध घातला. आपण किमान एवढे करावे: फिटलेले वा न्यायालयाने माफ केलेले कर्ज नेमणुकीच्या आड येऊ नये, आणि नकार देण्यापूर्वी उमेदवाराला लेखी कारण कळवून त्याचे म्हणणे ऐकावे. ही दयेची याचना नव्हे. संधीची समानता देणाऱ्या घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाची ती साधी मागणी आहे.