बाजरीतला अरगट आणि मेंदूचे कुलूप



बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिले, झिमझिम लागली, की कणसावर मधासारखे चिकट थेंब दिसू लागतात. हाच अरगट. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठ भरते. खळ्यावर ती बाजरीत मिसळली की पाखडूनही सगळी निघत नाही. १९५६ साली सातारा भागात या रोगाची मोठी साथ आली होती.

"साहेब, एवढ्याशा काळ्या दाण्याने काय होते?" असे पुष्कळजण विचारतात. १९७५ साली राजस्थानात अशी बाजरी खाल्लेल्या माणसांना तास-दोन तासांत मळमळ, उलट्या व चक्कर सुरू झाली आणि झापड आली. पोट बिघडले, पण झोप का यावी?

आपल्या शरीरात सेरोटोनिन नावाचा एक निरोप्या आहे. तो बहुतांश आतड्यात तयार होतो, थोडा मेंदूत. पेशींवर त्याच्यासाठी कुलपे असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अरगटातील विषांची घडण या निरोप्याशी मिळतीजुळती, म्हणून ती परकी किल्ली त्याच कुलपांत शिरते.

युरोपात राय नावाच्या धान्यावर याच घराण्यातली दुसरी बुरशी येते. तिच्यातील द्रव्यावरून बाझेल येथे अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी बनवले. १९४३ साली त्यांनी स्वतः पाव मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चार हजारावा भाग, घेतला आणि त्यांना भास होऊ लागले. आपल्याकडे हे द्रव्य बाळगणे गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र त्याच्या एका क्षाराचा चिंतारोगावर उपयोग होतो का ते पाहणे चालू होते आणि २०२४ साली तेथील औषध खात्याने त्या तपासणीला खास दर्जा दिला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दवाखान्यात मेथिलएर्गोमेट्रिनचे इंजेक्शन देतात, त्याचे मूळही अरगटातच. पण ते मोजून दिलेले औषध आहे. शेतातल्या गाठीत किती विष आहे, कोण मोजणार? घरगुती उपाय म्हणून कुणी ती उगाळली तर हात धरा.

आता बियाण्याचे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवा, त्यात बाजरी ओता आणि ढवळा. गाठी व पोचट दाणे वर तरंगतील. ते काढून जाळा, कोंबड्यांपुढे किंवा गुरांच्या आंबोणात टाकू नका. खाली राहिलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवा. खाण्याची बाजरीही अशीच निवडता येते, मात्र नीट धुऊन वाळवल्यावरच दळा. कायद्याने १०० किलो धान्यात अरगटाचे दाणे ५० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत.

भाकरी खाऊन घरात दोघा-तिघांना एकदम उलट्या व झापड आली, तर लगेच दवाखाना गाठा आणि त्याच पोत्यातील ओंजळभर बाजरी बरोबर न्या.