सुपरवायझर घडवायचा कोणी, आणि कोणाच्या वेळेत?

शेंद्रा व बिडकीन येथील सुमारे १०,००० एकरांच्या ‘ऑरिक’ वसाहतीत येऊ घातलेल्या कारखान्यांची छत्रपती संभाजीनगरात चर्चा निघते, तेव्हा ती बहुधा गुंतवणुकीच्या आकड्यांभोवतीच फिरत राहते. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी केलेल्या सामंजस्य कराराचा सुमारे २०,००० कोटी रुपयांचा आकडा हे त्यातले ठळक उदाहरण. जमीन, पाणी, वीज यांची मोजदाद होते. अभियंते किती लागतील, आयटीआयची किती मुले घेतली जातील, याचे अंदाज बांधले जातात. या दोहोंच्या मधोमध जो माणूस उभा राहणार, ज्याला कोणी सुपरवायझर म्हणतात, कोणी लाइन लीडर, कोणी शिफ्ट इन्चार्ज, तो कोठून येणार आणि त्याला त्याचे काम कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

तो कोठून येणार याचे उत्तर या शहराला ठाऊक आहे. तो खालूनच वर येतो. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या अवतीभवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची रांग उभी राहिली, आणि गंगापूर, पैठण, वैजापूर, कन्नडकडच्या शेतकरी घरांतील मुले यंत्रावर उभी राहिली. त्यांपैकी ज्याचा हात चांगला, ज्याची हजेरी नियमित, ज्याचा माल तपासणीत सहसा परत येत नाही, त्याला एके दिवशी साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि सोमवारपासून वीस माणसे त्याच्या हवाली करतात. या पद्धतीत गैर काही नाही. उलट, बाहेरून आणलेल्या पदवीधरापेक्षा हा माणूस कामाची नस अधिक ओळखतो. परंतु लेथ उत्तम चालविणे आणि लेथ चालविणाऱ्या वीस जणांकडून काम करून घेणे या भिन्न विद्या आहेत. पहिली येते म्हणून दुसरी आपोआप येईल, असे गृहीत धरले की कारखाना एक कुशल कारागीर गमावतो आणि त्याच्या बदल्यात एक भांबावलेला अधिकारी पदरात पाडून घेतो.

भांबावण्यास कारणेही पुरेशी आहेत. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांची उशिरा येण्याची नोंद आज त्याने करायची. त्याच्या हाताखालच्या माणसांत कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने असतात. त्यांचा पगार कंत्राटदाराकडे, बढतीची आशा कोणाकडेच नाही, आणि कामाची जबाबदारी मात्र याच्याकडे. कायदाही त्याला धड कोठे बसू देत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ठराविक वेतनाच्या वर गेलेला पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडे. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा दरमहा १०,००० रुपयांवर आली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती १८,००० वर नेली. म्हणजे बढतीबरोबर कामगार म्हणून असलेले संरक्षण जाण्याचा संभव, आणि मालकाचे अधिकार तर हाती आलेलेच नाहीत! शिकाऊ उमेदवारासाठी १९६१ पासून स्वतंत्र कायदा आहे. पहिल्यांदाच माणसांवर नेमल्या गेलेल्या माणसासाठी असे काहीच नाही.

त्याला पुण्या-मुंबईच्या निवासी वर्गाला पाठवावे, तर चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यात त्याच्या जागी उभे राहायला दुसरा कोणी नसतो. साहजिकच दूरशिक्षणाकडे लक्ष जाते. या क्षेत्रात महाराष्ट्र काही कोरा नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीचा मार्ग खुला करणे, स्वतः वाचून समजेल अशी मराठी पुस्तके तयार करविणे, जिल्ह्याजिल्ह्यांत अभ्यासकेंद्रे काढणे, ही कामे या विद्यापीठाने केली. त्याचे विभागीय केंद्र या शहरातही आहे. मराठीतून शिकलेल्या सुपरवायझरला व्यवस्थापनाचे इंग्रजी ग्रंथ देण्यापेक्षा त्याच्या भाषेतील चार प्रकरणे देणे केव्हाही हिताचे. मोबाइलवर धडा उघडण्याची सोय आता घरोघरी आहे, तेव्हा साधनांची वाण उरलेली नाही.

वाण आहे ती वेळेची. ‘लवचीक शिक्षण’ हा शब्द ऐकायला गोड आहे. पण लवते कोण, हे पाहिले पाहिजे. तिसरी पाळी संपवून सकाळी घरी आलेल्या माणसाला ‘सवडीने अभ्यास करा’ असे सांगणे म्हणजे त्याची झोप अभ्यासक्रमाला जोडून देणे होय. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे मुक्त विद्यापीठाचे ब्रीद थोर आहे, पण ही गंगा दारी येते त्या वेळी घरधनी झोपलेला असला तर तिने करावे काय? असा विद्यार्थी पहिला धडा उत्साहाने वाचतो, तिसऱ्यापर्यंत रेंगाळतो आणि परीक्षेच्या आत गळतो. मग त्याला चिकाटी नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

कारखानदार हा वेळ का देत नाही? तो कंजूष आहे म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्याच्या वागण्याला अर्थशास्त्रीय तर्क आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार मानले: त्याच कारखान्यात उपयोगी पडणारे, आणि कोठेही उपयोगी पडणारे. दुसऱ्या प्रकाराचा खर्च मालक उचलीत नाही, कारण शिकलेला माणूस शेजाऱ्याकडे निघून गेला तर खर्च याचा आणि लाभ त्याचा. माणसे हाताळण्याची विद्या मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडते. वाळूजच्या लहान कारखानदाराला शिकविलेला सुपरवायझर मोठ्या कंपनीत जाईल ही जी धास्ती वाटते, ती निराधार नाही. म्हणूनच ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने आणि सिंगापूरने १९७९ मध्ये निधी उभारून सर्व मालकांकडून प्रशिक्षणासाठी वर्गणी घेतली. जो शिकवीत नाही त्यानेही पैसे भरावेत, हा त्यामागचा विचार.

शिक्षण कसे असावे याचाही एक जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या योजनेखाली १६ लाखांहून अधिक लोकांना प्रमाणपत्रे दिली. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एवढाच एकेक पाठ. शिकणाऱ्याने स्वतःच्या खात्यातील खरे काम घेऊन यायचे, ते दुसऱ्याला कसे शिकवितो हे सर्वांसमोर करून दाखवायचे, चूक झाली तर तेथेच सुधारायची. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी ही पद्धत उचलली आणि जपली. केवळ पुस्तकाच्या किंवा पडद्याच्या बळावर हे साधणारे नाही. कामावर न येणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, हा धडा वाचून येत नाही; बोलून, चुकून आणि कोणीतरी जाणत्याने ते पाहून येतो. तेव्हा धडे दुरून यावेत, पण सराव कारखान्यातच व्हावा, आणि त्यावर नजर ठेवायला एखादा अनुभवी फोरमन नेमलेला असावा. दूरशिक्षणाच्या प्रचलित आराखड्यात हा फोरमन बहुधा नसतो, आणि खरा दोष तेथे आहे.

याला खर्च किती? आठवड्यातून दोन तास पगारी सवलत धरली, तर सहा महिन्यांत ५२ तास होतात, म्हणजे आठ तासांच्या साडेसहा पाळ्या. मुक्त विद्यापीठाने धडे लिहावेत, मराठवाड्यातील उद्योजकांची संघटना असलेल्या ‘सीएमआयए’ने लहान कारखान्यांचे गट करून फोरमन सामायिक करावेत, हे अशक्य कोटीतले नाही. सुरुवात मात्र मोठ्या कंपन्यांकडूनच व्हावी लागेल. शिकलेला सुपरवायझर पळविण्याचा आरोपही त्यांच्यावरच येतो. सुटे भाग पुरविणाऱ्यांकडे त्यांचे तपासनीस जातात, मोजमापाची उपकरणे पाहतात, नोंदवह्या चाळतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घालता येईल: गेल्या वर्षी किती कामगारांना सुपरवायझर केले, आणि शिकण्यासाठी त्यांना कामाच्या वेळेतले किती तास दिले.