प्रत्येक पोटदुखी म्हणजे गॅस नव्हे

पोटात दुखलं की वस्तीत उपाय ठरलेला : ओवा, सोडा, नाहीतर मेडिकलमधून गोळी. पस्तिशीतला कमावता माणूस खाडा नको म्हणून गोळी खाऊन कामावर जातो. ताप चढून, पोट दगडासारखं कडक झाल्यावर आलेले असे रुग्ण मी नर्स असताना पाहिलेत.

मोठ्या आतड्याच्या भिंतीला लहान पिशव्या तयार होतात. त्यांना सूज आली की त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. हा म्हातारपणाचा आजार मानत. आता पन्नाशीच्या आतही दिसतो. आशियाई लोकांत तो पुष्कळदा उजवीकडे होतो, म्हणून अपेंडिक्स वाटतो. खात्री सीटी स्कॅनने होते.

दुसरी भीती ऑपरेशनची. पूर्वी तरुणांना पहिल्याच दुखण्यानंतर ते सुचवत. आता केवळ वय कमी म्हणून ऑपरेशन करू नये, असं मानतात. साधी सूज बहुतेक वेळा हलका आहार आणि डॉक्टरांच्या देखरेखीनं बरी होते. अँटिबायोटिकही प्रत्येकाला लागत नाही. आतडं फुटलं, तर मात्र उशीर जिवावर बेततो.

म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका. आतडं फुटण्याचा धोका वाढतो. दुखणं वाढत असेल, ताप, उलट्या असतील, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. दागिने गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा : स्कॅनमध्ये काय दिसलं? ऑपरेशन आजच का? जन आरोग्य योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला विचारा.

बरं वाटल्यावर भाकरी, डाळ, पालेभाजी वाढवा, विडी-सिगारेट सोडा. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नका. प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.