कॅरींचा मुक्काम श्रीरामपूर
हुगळीकाठचं श्रीरामपूर, म्हणजे बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. तिथल्या मिशनच्या दफनभूमीत विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड हे तिघेही मिशनरी आहेत. वॉर्ड छापखाना सांभाळायचा. १८२३मध्ये पटकीनं गेला. आपला ऋणानुबंध मात्र कॅरीशी. इंग्लंडात जोडे शिवणाऱ्या या गृहस्थानं १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१०मध्ये कोश, तोही मोडीत. हाताशी वैजनाथ पंडित होते. त्यांना विसरणं ही आपली जुनी खोड. १८३४मध्ये कॅरी वारला. मृत्युपत्रात त्यानं बजावलं होतं: दुसरी पत्नी शार्लटशेजारी पुरा, दगडावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि स्तोत्राच्या दोन ओळी, बस्स. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही याहून जास्त मजकूर असतो.