लाटांपासून वीज : "किती?" हा प्रश्न मुलांना विचारू द्या



"समुद्राच्या लाटांपासून वीज मिळते" हे वाक्य आमच्या माजलगावची मुलंही पाठ म्हणतात. निबंधात 'स्वच्छ, अक्षय ऊर्जा' लिहिलं की गुण मिळतात. पण लाटेतल्या ऊर्जेपैकी किती वीज हाती लागते? माझ्या मते धडा इथूनच सुरू व्हायला हवा.

केरळात विझिंजम इथे आयआयटी मद्रासने १९९१ साली १५० किलोवॅट क्षमतेचं केंद्र उभं केलं. लाट आली की बंदिस्त खोलीतलं पाणी चढतं आणि वरची हवा बाहेर ढकलली जाते. लाट ओसरली की हवा आत ओढली जाते. हवा अशी सारखी दिशा बदलते, म्हणून तिथे वेल्स टर्बाइन वापरली. हवा कुठूनही येवो, ती एकाच दिशेने फिरते. मात्र झोत फार वाढला की तिची कार्यक्षमता घसरते. लाटेची उंची दुप्पट झाली तर ऊर्जा चौपट होते. मग पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला समुद्र एकाच यंत्राला कसा झेपणार? म्हणूनच पुढे इम्पल्स टर्बाइनवर संशोधन झालं. २०२२ मध्ये तुतिकोरिनजवळ आयआयटी मद्रासच्याच 'सिंधुजा-१' ची चाचणी झाली. वीज किती? १०० वॅट! यात कमीपणा काहीच नाही, संशोधन असंच पुढे सरकतं.

वर्गात हे सहज दाखवता येतं. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापा, ती पाण्याच्या बादलीत वरखाली करा आणि तोंडाशी कागदाची पातळ पट्टी धरा. पट्टी बाहेर उडते, आत ओढली जाते. आता झाकणाला लहान-मोठी भोकं पाडून बघा. भोक लहान केलं तर झोत जोरात येतो, पण बाटली दाबायला जड जाते. कोणतं भोक बरं, हे मुलांनाच शोधू द्या.

विज्ञान प्रदर्शनात मात्र मॉडेलखाली सेल लपवून दिवा पेटवला जातो आणि बक्षीसही मिळतं. मी म्हणेन, दिवा नाही पेटला तरी चालेल, वहीत नोंदी हव्यात.

"सर, समुद्र कुठं अन् आपण कुठं?" असं पालक विचारतील. अहो, शेतातली मोटर असो की सिंदफणेवरचं आपलं धरण, प्रश्न तोच आहे : घातलं किती आणि मिळालं किती? हे विचारणारं पोर बिल वाचेल, मोटर घेताना दुकानदारालाही विचारेल. यंदा आपल्या वर्गात हा प्रयोग करून बघा.