बेस मॉडेलला टॉप मॉडेलचं स्टिअरिंग: दुसऱ्या गाडीचे पार्ट बसवणं कितपत सुरक्षित, कितपत कायदेशीर?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर ‘बेस टू टॉप’ असं सर्च केलं की एकसारखे व्हिडिओ समोर येतात. आधी दिसतं बेस मॉडेल. साधं प्लास्टिकचं स्टिअरिंग, स्क्रीनच्या जागी मोकळा खण, कापडी सीट. मग दोन-तीन कट, आणि त्याच गाडीत बटणांचं लेदर स्टिअरिंग, मोठी टचस्क्रीन, आर्मरेस्ट आणि टॉप मॉडेलच्या सीट. कमेंटमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. भाऊ, खर्च किती? आणि दुकान कुठे?

तिसरा प्रश्न क्वचितच दिसतो. हे पार्ट आधी कोणत्या गाडीत होते?

गाडीची हौस जुनीच आहे. पण गाडीचं इंटिरिअर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. वीस वर्षांपूर्वी स्टिअरिंग म्हणजे गाडी वळवायचं चाक होतं आणि सीट म्हणजे बसायची जागा. आज स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, सीटमध्ये सेन्सर असतात आणि हे सगळं एका कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. त्यामुळे ‘बसतंय ना, मग चालतंय’ हा गॅरेजमधला जुना हिशेब इथे चुकू शकतो.

लोक हे का करतात?

पहिलं कारण पैशाचं. एकाच गाडीच्या बेस आणि टॉप मॉडेलमध्ये काही लाखांचा फरक असतो. इंजिन बऱ्याचदा तेच, बॉडी तीच. जास्तीचे पैसे जातात ते स्क्रीन, सीट, स्टिअरिंगवरची बटणं, अलॉय व्हील अशा गोष्टींवर. त्यातल्या दोन-तीनच हव्या असतील तर पूर्ण टॉप मॉडेल कशाला घ्यायचं, असा विचार ग्राहक करतो. तो चुकीचाही नाही.

दुसरं कारण दुरुस्तीचं. जुन्या गाडीची सीट फाटली, डॅशबोर्ड तडकला, तर कंपनीचा नवा पार्ट महाग पडतो. मॉडेल बंद झालं असेल तर तो मिळेलच याची खात्री नसते. मग स्क्रॅपमधल्या गाडीचा पार्ट हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

दुसऱ्या गाडीचा पार्ट बसतो कसा?

याचं उत्तर कंपन्यांच्या कारखान्यातच आहे. खर्च वाचवण्यासाठी एकच प्लॅटफॉर्म अनेक गाड्यांना वापरला जातो. टोयोटाची ग्लान्झा २०१९ मध्ये आली तीच मुळात मारुतीच्या बलेनोवरून. पुण्याजवळ चाकणमध्ये तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात. अशा जोड्यांमध्ये आतले बरेचसे पार्ट एकमेकांना बसतात.

एकाच मॉडेलमध्ये तर काम आणखी सोपं. अनेकदा बेस मॉडेलच्या डॅशबोर्डमागेही टॉप मॉडेलची वायरिंग आलेली असते, फक्त तिला काही जोडलेलं नसतं. म्हणूनच दुकानदार ‘कपलर टू कपलर, एकही वायर कट नाही’ अशी जाहिरात करतात. काही गाड्यांमध्ये पार्ट बसवल्यावर लॅपटॉप जोडून कोडिंगही करावं लागतं. नवीन पार्ट आलाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगितल्याशिवाय तो चालू होत नाही.

इथपर्यंत सगळं छान आहे. आर्मरेस्ट, गिअर नॉब, डोअर पॅड, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण असे पार्ट दुसऱ्या गाडीतून आले तरी धोका जवळपास नसतो. स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, पॉवर विंडोचे स्विच यांत वायरिंगचा प्रश्न येतो. जोड नीट नसेल, फ्यूज चुकीचा असेल, तर बॅटरी उतरण्यापासून शॉर्ट सर्किटपर्यंत काहीही होऊ शकतं. खरी अडचण सुरू होते ती याच्या पुढे.

स्टिअरिंग बदललं की काय काय बदलतं?

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हर एअरबॅग सक्तीची झाली. नंतर पुढच्या प्रवाशासाठीही ती बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना, आणि ३१ डिसेंबर २०२१ पासून आधीच बाजारात असलेल्या मॉडेलना. म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या कोणत्याही कारचं स्टिअरिंग काढलं की हातात एअरबॅगचा एक भाग येतो.

स्टिअरिंगच्या मागे ‘क्लॉक स्प्रिंग’ नावाचा पार्ट असतो. गुंडाळी केलेली एक चपटी वायर, जी चाक फिरत असतानाही एअरबॅग, हॉर्न आणि बटणांचा जोड तुटू देत नाही. बेस मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये बटणांसाठी पुरेशा वायरी नसतील तर तोही बदलावा लागतो. बसवताना तो बरोबर मध्यावर नसेल तर चाक पूर्ण वळवल्यावर आतली वायर तुटते. मग आणीबाणीत एअरबॅगला उघडण्याचा संदेश मिळेलच याची खात्री राहत नाही. काही गाड्यांमध्ये चाक किती अंशांत वळलंय हे मोजणारा सेन्सरही तिथेच असतो. त्याचं माप चुकलं तर गाडी घसरण्यापासून वाचवणारी यंत्रणा गोंधळते.

शिवाय एअरबॅग एकदाच वापरता येते. ती किती वेगाने, किती दाबाने फुगावी हे त्या-त्या गाडीच्या क्रॅश टेस्टवरून ठरतं. सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांश भागांचा असतो. दुसऱ्या मॉडेलची एअरबॅग स्टिअरिंगच्या खाचेत नीट बसली, तरी तिचं गणित या गाडीशी जुळेलच असं नाही.

यात एक फसवणूकही चालते. एअरबॅग नसताना किंवा उघडून गेलेली असताना तिच्या वायरला एक छोटा रेझिस्टर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरला ती जागेवर आहे असं वाटतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो, मालक निर्धास्त होतो, आणि कव्हरखाली काहीच नसतं.

सीटमध्ये काय दडलेलं असतं?

आता अनेक छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग मिळू लागल्या आहेत. त्यातल्या बाजूच्या दोन सहसा पुढच्या सीटच्या पाठीतच असतात. सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर आणि बेल्ट लावलाय का हे सांगणारा बकलमधला स्विच, हेही सीटचाच भाग. ज्या सीटमध्ये साइड एअरबॅग नाही अशी सीट बसवली तर ते संरक्षण थेट निघून जातं. सेन्सरचं कनेक्शन जुळलं नाही तर बेल्टचा बझर एकतर वाजतच राहतो किंवा कधीच वाजत नाही.

वाजत राहिला की लोक त्यावरही जुगाड करतात. बकलमध्ये अडकवायची एक छोटी क्लिप मिळते, ती लावली की बझर बंद. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या सीटवर बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते हे तपासात समोर आलं आणि सीट बेल्टची चर्चा देशभर झाली. पुढे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिपची विक्री थांबवायला सांगितलं. तेव्हा १३ हजारांहून जास्त लिस्टिंग काढून टाकण्यात आल्या.

लास वेगासमध्ये काय घडलं?

दुसऱ्या गाडीचा पार्ट किती महागात पडू शकतो याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्च २०१७ मध्ये लास वेगासमध्ये १८ वर्षांची एक मुलगी २००२ ची होंडा अकॉर्ड चालवत होती. अपघात मोठा नव्हता. पण एअरबॅगचा इन्फ्लेटर फुटला आणि धातूचे तुकडे तिच्या गळ्यात घुसले. शस्त्रक्रियांनंतर तिचा जीव वाचला.

तपासात कळलं की या गाडीला २०१५ मध्ये आधीच एक अपघात झाला होता. दुरुस्तीत तिला २००१ च्या दुसऱ्या अकॉर्डची एअरबॅग बसवली होती, आणि ती एअरबॅग ताकाता कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरच्या रिकॉलमध्ये होती. रिकॉल गाडीच्या नंबरवरून शोधला जातो. पार्ट एका गाडीतून दुसरीत गेला की तो धागाच तुटतो. गाडी वापरणाऱ्या कुटुंबाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

हे प्रकरण एकटं नाही. तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने जुलै २०२४ मध्ये पुन्हा इशारा दिला. बदलून बसवलेल्या स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटरमुळे नऊ महिन्यांत तिघांचा मृत्यू झाला होता. भारतातही बनावट एअरबॅगचे साठे पोलिसांनी पकडले आहेत.

मुद्दा असा की हौस एकाची असते आणि धोका बऱ्याचदा दुसऱ्याच्या वाट्याला येतो. गाडी दोन-तीन वर्षांनी विकली जाते. नव्या मालकाला टॉप मॉडेलसारखी दिसणारी गाडी चांगल्या भावात मिळते. आरसीवर इंजिन नंबर असतो, चॅसिस नंबर असतो. स्टिअरिंग किंवा सीट कुठून आली याची नोंद कुठेच नसते.

माल येतो कुठून?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ही गाड्यांच्या पार्टसाठीची ओळखीची ठिकाणं. इथे हजारो लोकांचं पोट रीतसर व्यवसायावर चालतं. आयुष्य संपलेल्या आणि अपघातात पूर्ण निकामी झालेल्या गाड्यांचे पार्ट इथे येतात, आणि चांगला पार्ट भंगारात वितळण्यापेक्षा दुसऱ्या गाडीत वापरला जाणं पर्यावरणाच्याही फायद्याचं आहे.

पण याच साखळीत चोरीचा मालही शिरतो. उत्तर प्रदेशातल्या मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या काही तासांत सुट्या करण्यासाठी कुप्रसिद्ध होता. पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद केला. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला सबळ कारण असताना तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नसलेलं, निम्म्याहून कमी भावातलं नवंकोरं स्टिअरिंग घेताना हे लक्षात ठेवायला हवं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेला आणि आरसीवर नोंदवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं.

इंटिरिअरच्या बाबतीत याचा थेट संबंध येतो तो आसनक्षमतेशी. मधला सलग बाक काढून दोन कॅप्टन सीट टाकल्या किंवा मागे जास्तीची सीट बसवली, तर आरसीवरचा आकडा आणि गाडीतल्या जागा जुळत नाहीत. आर्मरेस्ट किंवा स्क्रीनमुळे आरसीवरचं काहीच बदलत नाही. स्टिअरिंग आणि तेवढ्याच जागांच्या सीट या दोन्हींच्या मधे येतात. आरसी तीच राहते, पण सुरक्षेच्या ज्या चाचण्यांवर गाडीला मंजुरी मिळाली ती गाडी तशीच राहत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

विम्याचा विषय वेगळाच. कंपनीच्या किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू, म्हणजे बाहेरून बसवलेली स्क्रीन वगैरे, पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात. प्रचलित दर त्या वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के आहे. नोंदवलं नाही तर त्या वस्तूची भरपाई मिळत नाही. आग त्याच वायरिंगमुळे लागली असं सर्व्हेअरला दिसलं तर पूर्ण क्लेमवर वाद होऊ शकतो. वायर कापली असेल तर इलेक्ट्रिकल पार्टची वॉरंटीही धोक्यात येते.

मग करायचं काय?

• पार्ट कुठला आहे ते आधी ठरवावं. एअरबॅग, बेल्ट किंवा सेन्सर ज्याला जोडलेला आहे तो स्क्रॅपमधून घेऊ नये. स्टिअरिंगचं चाक बदलायचंच असेल तर त्याच मॉडेलचं, त्याच वर्षांच्या आसपासचं घ्यावं आणि एअरबॅग आपल्याच गाडीची ठेवावी, तीही त्यात बसत असेल तरच.

• एअरबॅगचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावं.

• बिल घ्यावं. पार्ट नंबर आणि पार्ट ज्या गाडीतून काढला तिचा तपशील लिहून मागावा. प्रामाणिक दुकानदाराला यात अडचण नसते.

• सेकंडहँड गाडी घेताना इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा बघावा. तो आधी लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही तर कुणीतरी हात लावलाय असं समजावं. रेझिस्टरचा जुगाड मात्र यात दिसत नाही, म्हणून स्कॅन आणि प्रत्यक्ष तपासणी दोन्ही करून घ्यावी.

• गाडी विकताना काय काय बदललंय ते पुढच्या मालकाला सांगावं.

यात सगळी जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकणंही बरोबर नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. पार्ट आणि दुरुस्तीची माहिती रास्त दरात मिळाली तर अर्धे जुगाड आपोआप कमी होतील. २०२१ च्या नियमांनुसार देशात नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रंही उभी राहत आहेत. तिथून निघणाऱ्या प्रत्येक पार्टला त्याच्या मूळ गाडीची ओळख जोडली गेली, तर रिकॉलचा तुटलेला धागा पुन्हा जोडता येईल.

तोपर्यंत रील पाहणाऱ्याने कमेंटमध्ये खर्च आणि दुकानासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: या स्टिअरिंगमधली एअरबॅग कुठल्या गाडीची आहे?